फुटलेल्या गुपिताची गोडी

रहस्यकथेचें आयुष्य एका वाचनापुरतें असतें, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. गुपित फुटलें कीं कथा संपली! हें खरें असतें तर ‘पाठलाग’ हा चित्रपट केव्हांच विस्मृतींत गेला असता. परंतु १९६४ सालीं राजा परांजपे यांनीं दिग्दर्शित केलेलें हें कृष्णधवल चित्र, शेवट तोंडपाठ असलेले लोकही आज पुनःपुन्हां पाहतात. असें कां व्हावें, ह्याचा थोडा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ ह्या कादंबरीवर हें चित्र आधारलेलें आहे. कायद्याच्या व्यवसायांतील एका गृहस्थाची पत्नी वारते; आणि पुढें गुन्हेगार म्हणून पकडलेली एक स्त्री, हुबेहूब तिचेंच रूप घेऊन, ‘मीच तुमची पत्नी’ असें सांगूं लागते. काशीनाथ घाणेकर आणि भावना यांच्या ह्या भूमिका. १९६६ सालीं राज खोसला यांनीं ह्याच कथेवर ‘मेरा साया’ काढला, आणि गुपित देशभर झालें. ज्यांना तें अद्यापि ठाऊक नसेल त्यांनीं येथेंच थांबावें. ती स्त्री खरें बोलत असते. मेली ती तिची जुळी बहीण.

पहिल्या वेळीं आपण पतीच्या डोळ्यांनीं पाहतों. ही बाई खरी कीं लबाड? तिनें संसारांतली एखादी खूण सांगितली कीं आपण त्यांत खोट शोधतों. दुसऱ्या वेळीं मात्र आपली जागा बदलते. आपण आरोपीच्या पिंजऱ्यांत तिच्या शेजारीं उभे राहतों. उत्तरें तींच, पण पूर्वी जें चातुर्य वाटलें तें आतां विनवणी वाटतें, आणि पतीची रास्त सावधगिरी निष्ठुर भासते. अद्भुताचा असा करुण होतो, म्हणून चित्र शिळें होत नाहीं. आमच्या घरच्या वृद्ध मावशी दर वेळीं ‘अरे, ओळख ना तिला!’ असें पुटपुटतात. आमच्या साऱ्या मीमांसेचें सार एवढ्यांत आलें.

शाकुंतलाच्या प्रेक्षकांसही शाप आणि अंगठी ठाऊकच असते; तरी दुष्यंताच्या दरबारांतील प्रसंगीं त्यांचा जीव कासावीस होतोच. मात्र दुष्यंताला शापाची सबब होती. येथें शाप नाहीं. आहे ती केवळ पुराव्यावरची निष्ठा, आणि म्हणूनच ही कथा आपल्या अधिक जवळची आहे.

कॅरल रीड यांच्या १९४९ सालच्या ‘द थर्ड मॅन’ ह्या विख्यात चित्राची येथें आठवण होते. महायुद्धानंतरच्या व्हिएन्नांत पुरला गेलेला मित्र जिवंत निघतो; पण तो भेसळीचें पेनिसिलिन विकणारा असतो. तो मेलाच असता तर बरें, असें मित्रावरच म्हणण्याची पाळी येते. तेथें परत आलेल्यानें विश्वास मोडला. येथें परत आलेलीला विश्वास मिळत नाहीं. दोन्हीं चित्रें गुपितावर चालतात, पण गुपितावर जगत नाहींत.

‘पाठलागां’त दोष नाहींत असें नव्हे. जुळ्या बहिणीची योजना फार सोयीची आहे, आणि न्यायालयांतील कामकाज वकिलांस हंसूं आणील. परंतु कोडें कच्चें असूनही वेदना पक्की आहे, हेंच आमच्या म्हणण्याचें प्रमाण होय.

आम्हां वाशीमकरांस तर पाठलाग हा शब्द परका नाहीं. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसा’ ह्या ग्रंथांत रुसून निघालेल्या काव्यपुरुषामागें साहित्यविद्या देशोदेशीं हिंडते, आणि अखेर विदर्भांतील वत्सगुल्म नगरीं, म्हणजेच आमच्या ह्या वाशिमांत, त्यांचा विवाह होतो. त्यानें तिच्याजवळ पुरावा मागितल्याचें राजशेखर सांगत नाहीं. आपल्या घरचें माणूस ‘मी तीच आहें’ असें म्हणूं लागलें, तर आपण त्याला ओळखूं, कीं पुरावा मागूं? शेवट ठाऊक झाल्यानें हा प्रश्न सुटत नाहीं. म्हणून चित्र पुन्हां पाहावें लागतें.