डेव्हिड थॉम्प्सनचें आत्मवृत्त व त्यांतील तीन महिन्यांचा खंड

उत्तर अमेरिकेंतील बीव्हर इत्यादि प्राण्यांच्या लवदार कातड्यांच्या व्यापाराचा इतिहास लिहितांना डेव्हिड थॉम्प्सनच्या आत्मवृत्ताचा आधार सर्वजण घेतात. टिरेल यांनीं तें १९१६ मध्यें प्रसिद्ध केलें. पुढें ग्लोव्हर (१९६२) व मोरो (२००९ पासून) यांच्या आवृत्त्या झाल्या. ग्रंथ रसाळ आहे. प्रश्न त्याच्या प्रामाण्याचा आहे.

थॉम्प्सन चौदाव्या वर्षीं, १७८४ मध्यें, हडसन्स बे कंपनीच्या चाकरीस लागला व १७९७ मध्यें प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनीस मिळाला. सेक्स्टंट व पाऱ्याचें कृत्रिम क्षितिज बरोबर बाळगून तो अक्षांश-रेखांश काढी व रोजच्या रोज टांचण करी. आत्मवृत्त मात्र त्यानें पंचाहत्तरीच्या सुमारास लिहावयास घेतलें. रोजनिशी आणि बखर यांतील भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको.

१८१० च्या शरदृतूंत पीगन लोकांनीं सस्कॅचेवन नदीची डोंगराकडील वाट रोखली. नेमकीं २२ जुलैपासून २९ ऑक्टोबरपर्यंतचीं टांचणें उपलब्ध नाहींत. आत्मवृत्त म्हणतें, शत्रु पाठीशीं लागल्यामुळें अरण्यांत शिरावें लागलें. त्याच कंपनीचा भागीदार अलेक्झांडर हेन्री (धाकटा) याच्या रोजनिशींत निराळेंच चित्र आहे: होड्या व माणसें पुढें निघून गेलीं, आणि त्यांचा नायक बराच खालीं, नदीकांठच्या दाट झाडींत दडलेला सांपडला. यावरून पुढील टीकाकारांनीं त्याच्यावर धैर्य खचल्याचा ठपका ठेविला. १५ जुलै १८११ रोजीं तो कोलंबियाच्या मुखाशीं पोंचला, तों ॲस्टरच्या मंडळींचें ठाणें तेथें उभें होतें; ही शर्यत त्यानें भित्रेपणानें घालविली, असा निकाल झाला.

हेन्री समकालीन व निर्वैर साक्षीदार. त्याची हकीकत आत्मवृत्ताहून ग्राह्य, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्याचें मूळ हस्तलिखित नष्ट झालें असून कॉव्हेंट्रीची नक्कल तेवढी उरली आहे. नकलेंतल्या एकेका शब्दावर मनुष्याची अब्रू तोलूं नये. आणि हरवलेल्या वहीविषयीं म्हणाल तर अनुपलब्धि हें अभावाचें प्रमाण होईल, अपराधाचें कसें होईल?

'शर्यत' हा शब्द तर आम्हांस मुळींच पटत नाहीं. ३ जुलै १८११ रोजीं निघतांना थॉम्प्सननें आपला हेतु स्वतः नोंदला आहे: अंतर्भागाच्या व्यापारास समुद्रापर्यंत वाट काढणें. कोणास गांठण्याची भाषा तेथें नाहीं. वाटेंत गांवोगांव थांबून तो तंबाखू ओढीत लोकांशीं बोलत बसतो. धांवणारा मनुष्य असा बसत नाहीं. त्यापूर्वींच्या हिंवाळ्यांत, जानेवारी १८११ मध्यें, तो अथाबास्का घाट चढून गेला. पलीकडे पुरेशी मोठी भूर्जसाल न मिळाल्यामुळें देवदाराच्या फळ्या झाडांच्या मुळ्यांनीं शिवून त्यानें होडी केली. तोच घाट पुढें व्यापाऱ्यांची नित्याची वाट झाला. आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांचे नकाशे तपासले; १८१४ चा थॉम्प्सनचा नकाशा पाहतां तो ओढणाऱ्या हाताविषयीं एवढी घाई आम्हांस करवत नाहीं.

बेल्या यांनीं कोलंबियाच्या प्रवासाचीं टांचणें १९९४ मध्यें छापिलीं आहेत. ज्यांस आत्मवृत्त वाचावयाचें आहे त्यांनीं तें पुस्तक शेजारीं उघडें ठेवावें, आणि जेथें दोहोंत विरोध दिसेल तेथें टांचणाच्या बाजूनें उभें राहावें.