दायमाबादची धातुशिल्पे : अन्वयार्थाची मर्यादा

१९७४ साली प्रवराकाठच्या दायमाबाद येथे झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्यास हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी चार ओतीव शिल्पे गवसली. गेंड्याच्या कातडीच्या वळ्या, बैलांची सडपातळ लांबट शरीरे यांतून सूक्ष्म निरीक्षण प्रत्ययास येते. रथस्थ पुरुषात काही अभ्यासकांनी पशुपती पाहिला. त्यास लिखित आधार नाही. तथापि खग्गविसाणसुत्तातील गेंडा वा धम्मपदातील बैल-चक्राची उपमा स्मरून आपणही त्यांस बौद्ध ठरवू नये. कालनिर्णय विवाद्य असला, तरी बहुतेक पुरातत्त्वज्ञ ती बुद्धपूर्वच मानतात. पुराव्याविना स्वीकार नको, ही धम्माचीच शिस्त होय. या शिल्पांत निर्विवाद आहे ते अनाम ओताऱ्याचे कसब; गौरव प्रथम त्या श्रमाचा व्हावा.