लवणे, वाकणे, मोडणे : मोटारीच्या सांध्यांची मराठी परिभाषा

पुणे-सोलापूर महामार्गावरील पाटस (ता. दौंड) येथून बारामतीकडे व दौंडकडे रस्ते फुटतात. अशा नाक्याच्या गावी वाहनांची चर्चा नित्याचीच. आणि त्या चर्चेत मोटारीच्या सांगाड्याविषयीचा सारा निर्णय 'मजबूत' या एका विशेषणात उरकला जातो. शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगाव येथे तयार झालेल्या टाटा नेक्सॉन या गाडीला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणाबद्दल पाच तारे मिळाले. भारतीय बनावटीच्या गाडीला हा मान तेव्हा प्रथमच लाभला. अशा गाडीचा गौरवही 'मजबूत' म्हणूनच होतो. परंतु हे विशेषण दोन अगदी भिन्न गुणांना झाकून टाकते, आणि तांत्रिक मराठीत लिहिणारेही त्यास 'बळकट', 'दृढ', 'भक्कम' असे पर्याय देऊन तोच गोंधळ वाढवितात.

ते दोन गुण म्हणजे सामर्थ्य आणि ताठरता. दाराच्या मधला खांब खालच्या उंबऱ्यास जेथे मिळतो, तो सांधा घ्यावा. (कारखान्यात यांस पिलर आणि सिल म्हणतात, चौकटीचे जुने शब्द येथे वापरण्यास हरकत नसावी.) उंबऱ्याची दोन्ही टोके पक्की धरून खांबाच्या वरच्या टोकास भार दिला की सांधा किंचित फिरतो. दिलेले आघूर्ण आणि फिरलेला कोन यांचे गुणोत्तर ही सांध्याची ताठरता. भार वाढवीत नेल्यास एका मर्यादेनंतर पत्रा कायमचा दुमडतो किंवा वेल्डिंगचे ठिपके उखडतात. ती मर्यादा म्हणजे सामर्थ्य. आलेखाच्या भाषेत ताठरता ही रेषेच्या चढात असते आणि सामर्थ्य तिच्या शेवटाशी.

हे दोन्ही गुण नेहमी जोडीने वाढतात असा समज असल्यास पोलादच तो खोटा ठरविते. साध्या पत्र्याचा आणि तापवून घडविलेल्या उच्च सामर्थ्याच्या पत्र्याचा स्थितिस्थापकता गुणांक जवळजवळ एकच, सुमारे २१० गिगापास्कल. कायमचे वाकण्याची मर्यादा मात्र एकाची सुमारे २०० मेगापास्कल, तर दुसऱ्याची १,००० च्याही पुढे. म्हणून वजन वाचविण्यासाठी अधिक समर्थ पण पातळ पत्रा घातला, तर सामर्थ्य टिकूनही ताठरता घटते. ती भरून काढावयाची तर पोकळ खांबाचा आडवा छेद मोठा करणे, सांध्याच्या पोटात आडवा पडदा घालणे, किंवा ठिपक्यांच्या जोडीला चिकटद्रव्याची सलग रेघ देणे, असे उपाय योजावे लागतात. एका गाडीत असे ठिपके काही हजार असतात. दोन ठिपक्यांमधला पत्रा मोकळाच राहतो आणि भार येताच उघडमीट करतो. सांधे पूर्ण ताठर मानून केलेले गणित यामुळेच प्रत्यक्षाहून अधिक ताठर गाडी दाखविते.

मराठीत हा भेद मुळीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो विशेषणांत नाही, क्रियापदांत आहे. डोळ्याचे पाते लवते. ते लवून परत येते. खिळा वाकतो, तो वाकलेलाच राहतो. काठी मोडते. लवण्याला होणारा विरोध ही ताठरता, वाकण्याला व मोडण्याला होणारा विरोध हे सामर्थ्य. व्यवहारात 'वाकणे' हे 'लवणे'च्या जागीही येते, आणि 'मोडेन पण वाकणार नाही' या म्हणीत तर तिसऱ्या क्रियापदास स्थानच नाही. तथापि परिभाषेला आधार द्यावयास एवढा भेद पुरेसा आहे. 'बल' हा शब्द शालेय विज्ञानाने आधीच वेगळ्या अर्थी घेतला असल्याने तो सामर्थ्यासाठी वापरणे इष्ट नव्हे. 'ताठर' या शब्दास हट्टीपणाचा वास आहे खरा. परंतु 'दृढ' पुन्हा दोन्ही अर्थांकडे झुकतो, आणि संज्ञेत हा दोष अधिक मोठा.

ताठरतेच्या अभावासाठी तर बोलीत एक नेमका शब्द आहे : खिळखिळा. एक चाक जॅकवर उचलले असता ज्या गाडीची दारे नीट लागत नाहीत, खड्ड्यातून जाताना जी कुरकुरते, ती खिळखिळी. ती मोडलेली नसते. तिचे सांधे लवू लागलेले असतात. हा दोष हाताला व कानाला कळतो, म्हणून भाषेने त्यास नाव दिले. सामर्थ्य उणावल्याचे मात्र असे कोणतेही लक्षण रोजच्या वापरात दिसत नाही, आणि त्यास लोकभाषेत नावही नाही. धडक-चाचणीचे अहवाल सांगाड्यास 'स्थिर' वा 'अस्थिर' ठरवितात, म्हणजे प्रवाशांच्या बैठकीचा भाग याहून अधिक भार सोसू शकेल की नाही ते सांगतात. हा निर्णय प्रायः सामर्थ्याचा आहे. त्यावरून गाडी खिळखिळी होणार की नाही, याचा बोध होत नाही.

या संज्ञांचा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीत देण्यास मुभा मिळाली आहे, आणि दुरुस्तीची कामे तर पूर्वीपासून मराठीतच चालतात. अपघातात दबलेला उच्च सामर्थ्याचा खांब गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ केला असता पोलादाची घडण बदलते व त्याचे सामर्थ्य बरेच उतरते; स्थितिस्थापकता गुणांक थंड झाल्यावर होता तेवढाच राहतो. दार पूर्वीसारखे लागते, कुरकुर नसते, आणि गाडी पुन्हा 'मजबूत' झाली असे मालकास सांगण्यात येते. सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या शब्दाला जेवढे मोजता येते, तेवढे त्याने मोजलेले असते.