वैद्यकीय इंग्रजी शब्दांच्या तीन रकानी याद्या : एक चिकित्सा

इंग्रजी वैद्यकीय शब्द, त्याचा देवनागरीत उच्चार आणि मराठी अर्थ असे तीन रकाने असलेल्या याद्या विद्यार्थी पाठ करतात. परराज्यातील मराठी कुटुंबांनाही त्यांचा आधार वाटतो. दिल्लीचे करोल बाग पाहा. सोने गाळण्याच्या धंद्यासाठी सांगलीकडून आलेली गलाई कुटुंबे आणि स्पर्धा परीक्षा देणारी मराठी मुले येथे राहतात. हकीम अजमल खान यांचे, १९२१ साली गांधीजींच्या हस्ते उद्घाटन झालेले तिब्बिया कॉलेजही येथेच आहे. इंग्रजीतला डायबिटीस, बोलीतली शुगर आणि युनानीतला झियाबेतूस म्हणजे आपला मधुमेहच. अशा ठिकाणी यादी हवीच; पण आजच्या स्वरूपात तिच्यावर विसंबता येते का, हे तपासू.

१. उच्चाराचा रकाना
न्यूमोनिया, सोरायसिस यांतला सुरुवातीचा 'पी' उच्चारायचा नाही, हे या रकान्यामुळे लगेच कळते. हा त्याचा मोठा गुण. परंतु पुढची जोडी पाहा. गिळताना होणारा त्रास म्हणजे डिसफेजिया. मेंदूला इजा झाल्याने बोलण्यात किंवा भाषा समजण्यात येणारी अडचण म्हणजे डिसफेझिया. अनेक याद्यांत दोन्ही ठिकाणी 'ज'च छापलेला असतो. हिंदीत 'ज'खाली नुक्ता देऊन फरक दाखवता येतो, पण छापताना तो पुष्कळदा गळतो. मराठीत डिझेल, झेड असे लिहिण्याची रूढी आहेच. तीच येथे पाळावी. पक्षाघातानंतर एकाच रुग्णाला हे दोन्ही त्रास होऊ शकतात. गिळण्याचा त्रास असलेल्याला तपासणीआधी पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून हा फरक केवळ शुद्धलेखनाचा नाही.

काही ठिकाणी उच्चार अचूक लिहूनही भागत नाही. इलियम म्हणजे कमरेचे हाड, आणि इलियम म्हणजेच लहान आतड्याचा शेवटचा भाग. उच्चार एकच, स्पेलिंगमधले तिसरे अक्षर हाडासाठी 'आय', आतड्यासाठी 'ई'. दोन वेगळ्या संदेशांना एकच संकेत दिला तर ग्राहकाला मूळ संदेश ओळखता येत नाही, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

२. अर्थाचा रकाना
येथे दोष अधिक गंभीर आहे. 'झटका' हा एकच अर्थ हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि सीझर या तिन्हींपुढे आढळतो. पहिल्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो. दुसऱ्यात मेंदूचा रक्तपुरवठा अडतो किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. तिसऱ्यात मेंदूतील विद्युत क्रिया काही काळ बिघडते. दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्यालाही 'दौरा' म्हणतात आणि मिरगीच्या झटक्यालाही. मराठी माणसाला दौरा म्हटले की मंत्र्यांचा दौरा आठवतो! नातेवाइकाने दवाखान्यात नुसते "झटका आला" म्हटले, तर डॉक्टरांना काहीच नेमके कळत नाही. यादीने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि आकडी असे तीन वेगळे शब्द द्यायला हवेत.

३. यादीत नसलेला रकाना
शब्दाची फोड सहसा दिलेलीच नसते. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. हायपोग्लायसेमियात रक्तातील साखर घटते, हायपरग्लायसेमियात वाढते, उपचार उलटे. तसेच 'आयटिस' म्हणजे दाह, 'एक्टमी' म्हणजे काढून टाकणे, 'ऑस्टमी' म्हणजे छिद्र करून वाट ठेवणे. गॅस्ट्रायटिस, गॅस्ट्रेक्टमी, गॅस्ट्रॉस्टमी हे तीन शब्द मग पाठ करावे लागत नाहीत. शंभर शब्दांच्या पाठांतरापेक्षा असे वीस घटक समजून घेणे अधिक उपयोगी आहे.

निष्कर्ष : यादी टाकून देऊ नये, दुरुस्त करावी. स्पेलिंग, 'ज' आणि 'झ' वेगळे ठेवणारा उच्चार, शब्दाची फोड आणि एका वाक्यात अर्थ असे चार रकाने असावेत.

स्वाध्याय : आपल्याकडील यादीतून उच्चार किंवा अर्थ सारखाच छापलेल्या पाच जोड्या शोधा आणि त्या वरील चार रकान्यांत मांडा.