बापाची ढब

दोन फटकारे, मग क्षणभर पोकळी. पुन्हा दोन फटकारे. लेड झेपेलिनची पुनर्भेटीची मैफल अशी सुरू होते, आणि त्या पोकळीत मला सत्तावीस वर्षं ऐकू येतात. सप्टेंबर १९८० मध्ये ड्रमर जॉन बॉनम गेला आणि त्याच डिसेंबरात उरलेल्या तिघांनी बँड मोडला. पुढे १९८५ आणि १९८८ मध्ये ते थोड्या वेळासाठी एकत्र आले, पण रंग भरला नाही. पूर्ण मैफल झाली ती १० डिसेंबर २००७ ला, लंडनच्या ओ-टू अरीनामध्ये, त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचे एक संस्थापक अहमेट एर्टेगन यांच्या स्मरणार्थ. ड्रमवर होता जॉनचा मुलगा जेसन. वडील गेले तेव्हा तो १४ वर्षांचा होता.

‘सेलिब्रेशन डे’ या चित्रपटात ही मैफल पाहताना माझे कान त्याच्या उजव्या पायाकडे लागलेले असतात. पहिलं गाणं ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’, १९६९ च्या पहिल्या अल्बममधलंही पहिलंच. त्यात जॉनने एकाच पेडलवर असे जलद ठोके काढले होते की दोन बास ड्रम वाजताहेत असं वाटावं. जेसन तेच ठोके काढतो, पण ती घोटलेली नक्कल वाटत नाही. मुलाच्या बोलण्यात नकळत बापाची ढब उतरावी, तसे ते येतात.

गायक रॉबर्ट प्लांट तेव्हा ५९ वर्षांचा. काही गाण्यांची पट्टी खाली घेतली आहे, आणि हे मला फार भावतं. तरुणपणीची किंकाळी परत आणण्याचा हट्ट नाही. शब्द उलट अधिक भरून येतात.

मैफल शिखरावर जाते ती ‘काश्मीर’मध्ये. जिमी पेजच्या गिटारचं चक्र तीन मात्रांचं, ड्रमचं चारचं. दोघं आपापल्या वाटेने चालतात आणि बारा मात्रा झाल्या की समेवर भेटतात. सम शोधायची सवय असलेल्या आपल्या कानांना हा खेळ लगेच उमगतो. जॉन पॉल जोन्सचा कीबोर्ड वर चढत जातो, आणि खाली जेसनचा ठेका रुंद, साधा, जागचा न हलणारा. इथे एक जादा हरकत घेतली असती तरी सगळा डोलारा डळमळला असता. तो घेत नाही.

चित्रपटात आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. रंगमंच प्रचंड आहे, पण तिघं सरकत सरकत ड्रमजवळ येतात, जेसनकडे तोंड करून वाजवत राहतात.