वर्गणी की भाडे? : अमर्याद संगीतसेवांच्या मूल्यरचनेचा एक विचार

१

मराठीत ‘वर्गणी’ ह्या शब्दास एक विशिष्ट सामाजिक अर्थ आहे. वाचनालयाची वर्गणी, गणेशोत्सवाची वर्गणी, नियतकालिकाची वर्गणी, गायनसंस्थेची वर्गणी, ह्या सर्व ठिकाणी वर्गणी देणारा मनुष्य केवळ गिऱ्हाईक नसतो. आपल्या पैशाने एखादे कार्य चालते ही जाणीव त्याच्या ठिकाणी थोडीफार असतेच. पुण्यात १८७४ साली स्थापन झालेल्या गायन समाजासारख्या संस्था सभासदांच्या आणि आश्रयदात्यांच्या अशाच बळावर उभ्या राहिल्या. ‘भाडे’ ह्या शब्दाचा भाव निराळा आहे. भाडे देणाऱ्यास वस्तू वापरावयास मिळते आणि मुदत संपली की त्याचा हक्कही संपतो. मालकाने त्या पैशाचे पुढे काय केले ह्याच्याशी भाडेकरूस कर्तव्य नसते.

गेल्या दोन दशकांत संगीताचा जो नवा व्यवहार जगभर रूढ झाला, त्यात श्रोता दरमहा ठराविक रक्कम देतो आणि हातातल्या मोबाइलवर हवे ते, हवे तितके ऐकतो. ह्या रकमेस आपण सर्रास वर्गणी म्हणतो. ते नाव तिला कितपत शोभते, आणि ह्या व्यवहाराचा आपल्या संगीतावर, विशेषतः रागसंगीतावर, काय परिणाम संभवतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम किंमत कशी ठरली ते पाहू. १९९९ साली नॅप्स्टर ह्या सेवेने संगणकांवरील गाणी परस्परांस फुकट देण्याची सोय केली. न्यायालयीन कारवाईनंतर २००१ मध्ये ती बंद पडली. तथापि संगीत विनामूल्य मिळू शकते हा अनुभव श्रोत्यांच्या मनातून गेला नाही. त्यानंतर दोन मार्ग पुढे आले. ॲपलच्या आयट्यून्स दुकानाने एप्रिल २००३ पासून एकेक गाणे ९९ सेंटला विकावयास प्रारंभ केला. संपूर्ण संग्रह बहुधा ९.९९ डॉलरला मिळे. दुसरा मार्ग २००१ च्या अखेरीस सुरू झालेल्या रॅप्सडी ह्या अमेरिकन सेवेचा. तीत गाणे विकत मिळत नसे, तर दरमहा सुमारे दहा डॉलर भरून सर्व भांडार ऐकता येई. ऑक्टोबर २००८ मध्ये स्वीडन व अन्य युरोपीय देशांत सुरू झालेली स्पॉटिफाय ही सेवा जुलै २०११ मध्ये अमेरिकेत आली, तेव्हा तिनेही दरमहा ९.९९ डॉलर हाच आकडा धरला. म्हणजे एका संग्रहाच्या किमतीत एक महिनाभर सर्व संग्रह, असा हा सौदा होता.

हा आकडा अमेरिकेत जुलै २०२३ पर्यंत, पूर्ण बारा वर्षे, हलला नाही. त्याच काळात तेथील सर्वसाधारण किंमतमान एक तृतीयांशाहून अधिक वाढले होते. वस्तुतः संगीत दरवर्षी स्वस्त होत गेले. पुढे दर १०.९९ आणि २०२४ मध्ये ११.९९ डॉलर झाला. भारतात तर हा दर मुळातच फार खाली ठेवण्यात आला. २०१५ मध्ये ॲपल म्यूझिक आपल्याकडे दरमहा १२० रुपयांस सुरू झाले आणि २०१९ मध्ये ९९ रुपयांवर उतरले. स्पॉटिफायने फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात पदार्पण करताना ११९ रुपये दर ठेवला, आणि जाहिराती सोसण्याची तयारी असणाऱ्यांस विनामूल्य श्रवणाची सोयही दिली. ह्या आकड्यांवरून एक गोष्ट उघड होते. ही किंमत संगीताच्या निर्मितीखर्चावरून निघालेली नाही. फुकटाची सवय झालेला श्रोता किती देण्यास राजी होईल, ह्या अंदाजावरून ती निघालेली आहे.

३

श्रोत्यास ह्या योजनेची भूल का पडते? लोभ किंवा आळस हे उत्तर अपुरे आहे. एकदा महिन्याची रक्कम भरली की पुढच्या प्रत्येक गाण्यास श्रोत्याला काहीच मोजावे लागत नाही, हे पहिले कारण. बाकोस आणि ब्रिन्योल्फसन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मधील आपल्या निबंधात दाखविले की, ज्या मालाची आणखी एक प्रत काढण्यास जवळजवळ खर्च येत नाही, असा पुष्कळ माल एकत्र बांधून एका किमतीस विकणे विक्रेत्यास लाभाचे ठरते. एकास अभंगाची आवड, दुसऱ्यास चित्रपटगीताची, तिसऱ्यास सतारीची; प्रत्येकाची आवड भिन्न असली तरी संपूर्ण गाठोड्याची त्यांना वाटणारी किंमत बरीच सारखी निघते.

दुसरे कारण मनोव्यापाराचे आहे. देलाविन्या आणि मालमेंडियर ह्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील व्यायामशाळांच्या मासिक सभासदांस प्रत्येक भेट सतरा डॉलरांहून अधिक महाग पडत असल्याचे आढळले. तेथे दर भेटीस दहा डॉलर पडतील असा पासही उपलब्ध होता. मनुष्यास वारंवार हिशेब करण्याचा जाच नको असतो, आणि आपण उद्या अधिक व्यायाम करू ही आशाही असते. संगीताचा श्रोताही ‘आज नाही तर उद्या ऐकू’ ह्याच आशेचे मोल देतो.

ह्या आकर्षणात खरे हित पुष्कळ आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसास पूर्वी नाट्यगीताची एखादी तबकडी सुटीत देशी आल्यावर मिळवावी लागे. आज ती त्याच्या खिशात आहे. लहान गावातील विद्यार्थ्यास एकाच रागाची चार घराण्यांतील मांडणी एका संध्याकाळी ऐकता येते. आमच्या पिढीतील कित्येकांना त्यासाठी एखाद्या संग्राहकाची मर्जी सांभाळावी लागली होती.

तथापि ह्या सुखाचा पाया भाडेकरूचाच आहे. २०१९ मध्ये सारेगामा आणि स्पॉटिफाय ह्यांच्यातील वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि त्या कंपनीची गाणी सेवेवरून काढण्यात आली. मे २०२० मध्ये करार होईपर्यंत ती तेथे नव्हती. जुन्या ग्रामोफोन कंपनीचा, म्हणजे एच.एम.व्ही.चा, संग्रह ह्याच सारेगामाकडे असल्याने मराठी भावगीत व नाट्यगीत ह्यांचा मोठा वारसाही त्याबरोबर दिसेनासा झाला. श्रोत्याचा मासिक दर मात्र तोच राहिला. कपाटातील तबकडी अशी कोणाच्या भांडणाने नाहीशी होत नसे.

४

आता पैसा पुढे कोठे जातो ते पाहू. माझ्या मते ह्या व्यवहाराचे मर्म येथेच आहे. प्रमुख सेवांच्या रूढ पद्धतीत सर्व श्रोत्यांची रक्कम एका निधीत पडते. त्यातील साधारण दोन तृतीयांश किंवा थोडा अधिक भाग हक्कधारकांकडे जातो, आणि त्याची वाटणी एकूण श्रवणसंख्येच्या प्रमाणात होते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका सेवेचे दोनच श्रोते आहेत आणि प्रत्येक जण ११९ रुपये देतो. कर वगळता निधी २३८ रुपयांचा झाला. त्यातील सत्तर टक्के, म्हणजे १६६ रुपये ६० पैसे, वाटावयाचे आहेत. पहिला श्रोता महिन्यात वीस ख्याल ऐकतो. दुसरा नऊशे ऐंशी वेळा लोकप्रिय गाणी लावतो. एकूण श्रवणे एक हजार झाली, आणि दर श्रवणास सुमारे साडेसोळा पैसे पडले. पहिल्याच्या ख्यालगायकांच्या वाट्यास ३ रुपये ३३ पैसे येतात. त्याने स्वतः दिलेल्या रकमेतून मात्र ८३ रुपये ३० पैसे वाटणीस गेलेले असतात. उरलेले जवळजवळ ऐंशी रुपये त्याने कधीही न ऐकलेल्या गाण्यांस पोचले.

वर्गणी देणारा आपल्या पैशाने चाललेले कार्य जाणतो, असे वर म्हटले आहे. येथे ते कार्य त्याच्या पाठीमागे बदलले जाते. गायनसंस्थेच्या सभासदाचा पैसा निदान त्याच्या समोर बसलेल्या गायकास तरी पोचत असे.

५

ह्या वाटणीत आणखी एक बारकावा आहे, आणि रागसंगीताच्या दृष्टीने तो सर्वांत गंभीर आहे. स्पॉटिफायच्या नियमानुसार तीस सेकंद ऐकले की एक श्रवण नोंदले जाते. पुढे तीन मिनिटे ऐकले काय आणि चाळीस मिनिटे ऐकले काय, गणना एकच. मालकंसाचा विलंबित ख्याल तीस मिनिटे एकाग्रतेने ऐकणाऱ्याच्या हातून गायकास एका श्रवणाचे मोल मिळते. त्याच अर्ध्या तासात तीन मिनिटांची दहा गाणी ऐकली असती, तर दहा श्रवणांचे मोल मिळाले असते.

येथे इतिहासाची एक विलक्षण पुनरावृत्ती दिसते. १९०२ साली गेसबर्ग ह्यांनी कलकत्त्यात गौहरजान ह्यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून जवळजवळ अर्धे शतक आपल्या गायकांस सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीत राग बसवावा लागला. त्या सक्तीतूनही थोर कला निर्माण झाली. अब्दुल करीम खाँ ह्यांच्या तबकड्या त्याची साक्ष आहेत, आणि १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेली केसरबाई केरकर ह्यांची भैरवी साडेतीन मिनिटांचीच आहे. परंतु ती तबकडी म्हणजे संपूर्ण गायन नव्हे, हे त्या काळच्या श्रोत्यास ठाऊक होते. खरी मैफल अन्यत्र होत असे. १९४८ मध्ये दीर्घवादनाची तबकडी आली आणि यंत्राचे बंधन पुष्कळ सैल झाले. आज यंत्राने वेळेची मर्यादाच उरू दिलेली नाही. जी मर्यादा पूर्वी मेणाच्या मुद्रणाने घातली, ती आता हिशेबाच्या वहीने पुन्हा घातली आहे. यंत्राचे बंधन डोळ्यांस दिसत असे, म्हणून कलावंताने त्याच्याशी झुंज दिली. हिशेबाचे बंधन श्रोत्यास दिसत नाही. विलंबित निराळा, द्रुत निराळा, आलाप निराळा असे तुकडे पाडण्याचा मोह त्यातून उत्पन्न होतो, आणि रागाचा विस्तार ज्या अखंडतेवर अवलंबून असतो, तिलाच धक्का पोचतो.

२०२४ पासून स्पॉटिफायने आणखी एक नियम लागू केला. मागील बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या मुद्रणास त्या निधीतून स्वामित्वधन मिळत नाही. अशा मुद्रणांची रक्कम अत्यल्प असते आणि ती कलावंतापर्यंत बहुधा पोचतही नाही, हे कंपनीचे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने खोटे नाही. परंतु विस्मृत गायकाचे एखादे दुर्मिळ मुद्रण वर्षात दोनशे जाणकारांनी ऐकले, तर ते दोनशे श्रवण कोणत्याच मोलाचे नव्हेत असे त्यातून ठरते.

६

ह्यावर काही आक्षेप संभवतात. प्रत्येक श्रोत्याचा पैसा त्याने ऐकलेल्या कलावंतांतच वाटावा, ही सूचना नवी नाही. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये काही कलावंतांपुरती तशी पद्धत अमलात आणली. परंतु फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्राने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ह्या पद्धतीने अभिजात संगीताचा वाटा वाढतो आणि रॅप-हिपहॉपचा घटतो, तरी फार लहान कलावंतांच्या प्रत्यक्ष मिळकतीत पडणारा फरक किरकोळच असतो. म्हणजे एवढ्याने कोणा गायकाचा संसार चालेल असे समजणे भाबडेपणाचे आहे. मूळ रकमच लहान आहे. ११९ रुपये कशाही रीतीने वाटले तरी ते ११९ रुपयेच राहणार. शिवाय हक्कधारक म्हणजे कलावंत नव्हे. जुन्या मुद्रणांचे हक्क बहुधा कंपन्यांकडे आहेत. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार व संगीतकार ह्यांचा स्वामित्वधनातील वाटा सुरक्षित केला, ही गोष्ट ह्या संदर्भात महत्त्वाची आहे.

दुसरा आक्षेप असा की, वेळेनुसार मोजणी केल्यास लांबणच लावली जाईल. हा धोका खरा आहे. परंतु कंपन्यांनी स्वतःच कालमानाचे तत्त्व मान्य केलेले आहे. पावसाचे आवाज किंवा यंत्राची घरघर अशी मुद्रणे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची करून श्रवणसंख्या फुगविली जाऊ लागली, तेव्हा स्पॉटिफायने त्यांस किमान दोन मिनिटांची अट घातली आणि त्यांचे मोलही कमी केले. पावसाचा आवाज आणि गाणे ह्यांत हिशेबाच्या वहीस भेद करता येत असेल, तर तीन मिनिटांचे गीत आणि अर्ध्या तासाचा ख्याल ह्यांतही तो करता यावा.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते की, आज आपण देतो ते भाडे आहे. त्याची रक्कम श्रोत्याच्या सहनशक्तीवरून ठरते, त्याचा उपभोग करारांच्या मर्जीवर अवलंबून असतो, आणि त्याचा विनियोग श्रोत्याच्या आवडीशी सैलपणेच बांधलेला असतो. त्यास वर्गणीचे रूप यावे असे वाटत असेल तर तीन गोष्टी मागता येतील. आपला पैसा कोणास पोचला, हे श्रोत्यास महिन्याअखेरीस कळावे. श्रवणाची गणना करताना त्याच्या कालावधीचा काही तरी विचार व्हावा. आणि तबला, हार्मोनियम व सारंगी ह्यांच्या साथीदारांची नावे प्रत्येक मुद्रणावर असावीत. जुन्या दीर्घवादन तबकड्यांच्या वेष्टनावर ती पुष्कळदा असत, आणि नव्या भांडारात ती शोधूनही बहुधा सापडत नाहीत.

तोपर्यंत रागसंगीताच्या श्रोत्याने ही सेवा जरूर वापरावी. तिच्याइतका मोठा ग्रंथालयवजा संग्रह पूर्वी कोणाच्या वाट्यास आला नव्हता. मात्र महिन्याचे भाडे भरले म्हणजे संगीताचे ऋण फिटले, असा समज त्याने करून घेऊ नये. ज्या गायकाचा ख्याल आपण चाळीस मिनिटे ऐकला, त्याच्या मैफलीचे तिकीट काढणे आणि आपल्या गावच्या गायनसंस्थेचे सभासदत्व चालू ठेवणे, हे काम त्या भाड्यात झालेले नाही.