उपासनागीताची संहिता आणि गाता समूह

ख्रिस्ती धर्मविचारात गायनाविषयी एक जुनी अस्वस्थता आढळते. संत ऑगस्टीनने 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात ती नोंदविली आहे. वचनापेक्षा गाण्यानेच मन अधिक हलले तर तो दोष होय, असे त्याला वाटते. तरीही दुर्बळ मनाला भक्तीकडे नेणारे साधन म्हणून तो गायनाला मान्यता देतो. सोळाव्या शतकात झ्विंग्लीने झुरिकच्या उपासनेतून संगीत वगळले, कॅल्विनने छंदोबद्ध स्तोत्रांचे एकस्वरी गायन राखले, तर ल्यूथरने लोकभाषेतील गीत समूहाच्या मुखी दिले. या मतभेदांच्या मुळाशी प्रश्न आहे तो असा: उपासनेत गाणारा कोण?

मराठीत हा प्रश्न नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) गीतांमुळे महत्त्वाचा ठरतो. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांची भक्तिरचना बहुधा भावकविता म्हणून वाचली गेली. उत्कटता, आत्मपरता, प्रतिमासृष्टी हे तिचे निकष मानले गेले. परंतु उपासनागीत एकांतातील वाचकाला उद्देशून नसते. त्याची संहिता समूहाच्या कंठात पूर्ण होते. म्हणून त्याच्या रूपाचा विचार गायनव्यवहारापासून तोडता येत नाही.

पाश्चात्त्य उपासनागीत ओळीतील अक्षरसंख्या आणि आघात यांवर उभे असते. मराठीत आघात अर्थभेदक नाही. त्यामुळे भाषांतरित शब्द परक्या चालीत बसविताना चालीचा जोर शब्दाच्या दुबळ्या जागी पडतो. येथे असा आक्षेप संभवतो, की अभंगही शब्दांचे ऱ्हस्वदीर्घत्व पाळीत नाही; माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त दाखविल्याप्रमाणे छंदात अक्षरे सारख्याच कालमूल्याने उच्चारली जातात. आक्षेप योग्य आहे. पण त्यातूनच खरा भेद स्पष्ट होतो. तो देशी-विदेशी लयीपुरता मर्यादित नसून सहभागाच्या पद्धतीचा आहे. छापील गीत सर्वांच्या हाती पुस्तक आहे आणि ते वाचता येते, असे गृहीत धरते. अभंग-भजनात अग्रणी गातो, समूह ध्रुवपद उचलतो. अहमदनगर परिसरातील मंडळ्यांमध्ये निरक्षर भाविक पुष्कळ होते. तेथे ख्रिस्ती कीर्तन रुजले, याचा अर्थ या संदर्भात लक्षात घ्यावा लागतो.

टिळकांनी अभंगात योजलेली 'दास' ही नाममुद्राही याच दृष्टीने पाहण्याजोगी आहे. 'तुका' म्हणताना गाणारा तुकारामांचे बोल उच्चारतो. 'दास' मात्र व्यक्तिनाम नाही, ते एक स्थान आहे. गाणारा प्रत्येकजण त्या स्थानी उभा राहू शकतो. कवीचा 'मी' येथे समूहाचा 'मी' होतो, आणि भावकवितेचा निकष अपुरा पडतो.

तथापि देशी रूपाचा केवळ गौरव करून भागणार नाही. भजनात संहिता अग्रणीच्या मुखी राहते. समूहाला मिळते ती मुख्यतः पुनरुक्ती. छापील गीत संपूर्ण संहिता प्रत्येकाला देते, परंतु साक्षरतेच्या अटीवर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ मधील उपासनाविषयक दस्तऐवजाने विविध समाजांच्या स्वतःच्या संगीतपरंपरांना स्थान दिले. मात्र ऑर्गनच्या जागी पेटी-तबला आल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. संहितेवर अधिकार कोणाचा, हे रूप ठरविते. उपासनागीताच्या समीक्षेने वाद्याआधी आणि प्रतिमेआधी या अधिकाराची तपासणी केली पाहिजे.